मोटर गेली, असं मी सांगितलं

सोमवार, ३ तारीख
ताईच्या शिलाई मशीनची मोटर बंद पडली. शाळा उघडायच्या तोंडावर, गणवेशांचा ढीग पडलेला असताना! ती मेकॅनिकला बोलावणार होती. म्हटलं, घरचा मी असताना? मल्टीमीटर आणलं, मोटरला प्रोब लावले. वायर सलग असली की बीप येतो. बीप नाही. म्हणजे आतली वायर तुटली. दोन मिनिटांत निदान! गिऱ्हाईक बाई बसल्या होत्या, त्यांच्यासमोरच सांगून टाकलं, मोटर गेली. छाप बरी पडली.

मंगळवार
भाऊजींना नाही ते सुचतं. म्हणे, आधी दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवून बीप येतो का बघतात ना? टीव्ही दुरुस्त करणारा तसं करायचा म्हणे. मी म्हटलं, ते नवशिक्यांसाठी. जरा जोरातच म्हटलं बहुतेक. ताई त्यांनाच म्हणाली, अहो, त्याला कळतं त्यातलं.

बुधवार, सकाळ
एक मात्र खरं. ह्या लीड, म्हणजे प्रोबच्या वायरी, मला शोभत नाहीत. मीटरबरोबर फुकट आलेल्या. वायर कडक, टोकं बोथट. परवा त्या बाईंसमोर लाजच वाटली. निश्चय: यापुढे फक्त दर्जेदार लीड. वायर सिलिकॉनचीच, गरम सोल्डरिंग आयर्न टेकलं तरी वितळत नाही. टोक सुईसारखं घ्यावं की स्प्रिंगवालं? घाई नको.

शुक्रवार
अजून ठरत नाही. सात व्हिडिओ बघितले, सात जणांची सात मतं. ताईने मशीन पायडलवर घेतलंय. गुडघा दुखतो म्हणाली. मी म्हटलं, तेवढाच व्यायाम. मग माझं मलाच कसंतरी वाटलं. मोटर भंगारात दिली, माझ्याच सल्ल्याने. अडगळ कशाला?
सुईचं टोकच घेतो. चिमट्यासारख्या क्रोकोडाइल क्लिपही. ऑर्डर केली एकदाची!

सोमवार, १० तारीख
लीड आल्या. काय मऊ वायर! टोकं सहज एकमेकांना टेकवली. बीप.
जुन्यांचीही टेकवून बघितली. गप्प. वायर हलवली, जरासा बीप, परत गप्प. काळी वायर आतून तुटलेली. मीटरभोवती घट्ट गुंडाळून ठेवायची शिस्त माझीच.
म्हणजे मागच्या सोमवारी...
छे. मोटरही बिघडलेली असू शकते की.

तोच दिवस, दुपार
ताईकडे गेलो, ती बाहेर गेलेली. मोटरचा पायाने दाबायचा स्विच मशीनखालीच पडून होता. नव्या लीड लावल्या. आत वायर सुटलेली. एका स्क्रूचं काम होतं. एका स्क्रूचं!
भंगारवाल्याकडे पळत गेलो. त्याने मोटर फोडून तांबं काढलंसुद्धा. म्हणाला, माल एकदम चांगला होता, कुठे जळलेला नव्हता. मी म्हटलं, हो का.
उद्या ताईला सगळं सांगणार. काय व्हायचं ते होवो.

मंगळवार
गेलो. ताई गुडघ्याला पट्टी बांधून पायडल मारत होती. त्याच बाई आलेल्या. त्यांनी विचारलं, मोटर एकदा मेकॅनिकला दाखवायची होती ना? ताई म्हणाली, छे हो, आमचा भाऊ मोजल्याशिवाय बोलत नाही. भाऊजींनी पेपरमधून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. मग पान उलटलं. बोलले असते तर बरं झालं असतं.
मी तोंड उघडलं. ताईला विचारलं, पायडलला तेल घालू का?
घाल म्हणाली. वर त्या बाईंना म्हणाली, बघा, किती करतो माझ्यासाठी.
खाली बसून तेल घातलं. बाई जाईपर्यंत मशीनखालीच होतो. त्या गेल्यावरही.