भिंतीतून पडलो तेव्हा

ताई,

इतकी वर्षं तू गेममधल्या भिंतींना धडका देऊन चुका शोधल्यास आणि कंपनीने तुमची अख्खी टीमच काढून टाकली. आता अर्धाकच्चा गेम विकतात. तुझं काम आम्ही गिऱ्हाईकंच फुकटात करतो. मी पुन्हा खोली बदलली, इथे खिडकी तरी आहे. तर काल नव्या गेममध्ये मी भिंतीतून आरपार खाली पडलो. स्क्रीनवरच्या माझ्या गड्याकडे बघून रूममेट ओरडला, "अरे, उठव की त्याला!" उठवतोय कसला, खाली जमीनच नव्हती! तुला फोन करणार होतो. पण आई म्हणते, गेमचं नाव काढलं की तू ताटावरून उठतेस. गेम सोडून तुझ्याशी काय बोलायचं, याचा खूप विचार केला. काहीच सुचलं नाही, म्हणून हे पाठवत नाही.

तुझाच,
बारक्या