खोक्यावरचा आकडा

१२ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद, तो हक्क मला अजून उरला असेल तर. इकडे सगळं ठीक. अक्षर वाकडंतिकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट काल मोडलं. दुकानाच्या तळघरात पाय घसरला.

शाळेत बाकावर उभं राहून कविता म्हणायचास, आठवतं? तू ओळ विसरलास की मी खालून ओठ हलवायचो. हल्ली त्याच ओळी दिवसभर तोंडात घोळतात.

पाय घसरला नाही. तुझ्या पुतण्याने मनगट पिरगळलं.

दुकानात फ्रान्सहून बर्गंडीची कोवळी रेड वाईन आली होती. आपल्या बाबांची पद्धत अजून तीच: चाखायची, बादलीत थुंकायची, किती वर्षं मुरत ठेवायची तो आकडा खडूने खोक्यावर लिहायचा. मी तीन लिहिला. पोरगा म्हणाला, "रंग फिका म्हणून तीन? आंबटपणा बघा, फळ बघा! वीस वर्षं सहज टिकेल. बाबा, जरा नाकाजवळ तरी न्या."

त्या वर्षी तूही हेच म्हणाला होतास, तिथेच उभा राहून. वर हसलास, "दादा, तुला वासच येत नाही ना रे?" आणि मी भरलेली बाटली तुझ्या तोंडावर हाणली. बाटली फुटली नाही, जबडा फुटला. बादलीत वाईन कुठली न् रक्त कुठलं, कळेना. तळाशी तुझे दोन दात. बाबांना मी सांगितलं, आधी त्यानेच हात उचलला. त्यांनी तुला तसंच रक्ताळलेलं बाहेर काढलं आणि मरेपर्यंत तुझा विषय काढू दिला नाही.

त्या वर्षीच्या तापात माझं नाक गेलं होतं, धाकट्या. बाबांना कळलं असतं तर तळघराच्या किल्ल्या तुझ्याकडे गेल्या असत्या. म्हणून आयुष्यभर रंग बघून आणि घोटाने हिरड्या किती आवळतात त्यावरून निवाडे दिले.

काल पुन्हा बाटली उचलली, पोरावर. पोराने हात धरला. हाडाचा आवाज आधी ऐकू आला, दुखलं नंतर. "कोणाला मारताय, बाबा?" तो ओरडला. तेव्हा सगळं सांगून टाकलं. तो माझ्या पायाशी थुंकला. तोंडात वाईन नव्हती.

माझा आकडा त्याने पुसलाय. म्हणतो, आता काकाच लिहील.

ये. दार तोच उघडेल. मी समोर आलो की तुला वाटेल ते कर. पोराला बजावलंय, मध्ये पडायचं नाही.

तुझा जबडा फोडणारा,
दादा