पिठाच्या डब्ब्यातला वाघ

तामसी, १४ नोव्हेंबर

चि. संघपालले मायचा जयभीम व आशीर्वाद वि. वि.

मोबाईल मी पिठाच्या डब्ब्यात टाकला, अन् कोनी कितीबी पुसलं तरी काढून देनार नाई. तुई बायको दिवसभर त्यात वाघच पाह्यते. वाघ कोन्या गावचा, कोन्या सालचा, काई ठाव नाई. पोटात लेकरू हाय अन् दोन घासात ताट सारते. झाडू पडला तरी दचकते.

आता सकाळच्या बशीवर मीच जाते. कंडक्टरले अन् जंगलच्या चौकीदाराले वाघाचं इचारते, घरी येऊन कामाचं तेवढं रश्मीले सांगते. बाकी डोक्यात भराचं नाई. ती मले आत्याबाई सोडून रेडिओबाई म्हनते. म्हनू दे. काल दोन भाकरी खाल्ल्या तिनं.

फोन लागत नाई म्हनून घाबरू नको, कंडक्टरजवळ चिठ्ठी देत जा. लोभ हाय तसा ऱ्हाऊ दे, शानपना कमी कर.

सोजरबाई

उटनूर, १८ नोव्हेंबर

ती. मायले संघपालचा जयभीम.

रश्मी जेवून राह्यली हे वाचून बरं वाटलं. मीच ऑफिसात बातम्या पाहू पाहू डब्बा तसाच वापस आनतो. मलेबी एक पिठाचा डब्बा धाड.

पन माय, कंडक्टर म्हने आपल्या शेजारच्या उद्धवरावचं वासरू नाल्यात फाडलेलं भेटलं. ते तू रश्मीले सांगतलं का? कापूस वेचनाऱ्या बायांची भाकर घेऊन ती त्याच वाटेनं वावरात जाते. कमी सांग, पन हे सांग.

रागावली तरी माया असू दे.

संघपाल

तामसी, २१ नोव्हेंबर

चि. संघपालले जयभीम.

नव्हतं सांगतलं. आत्ता कुठं पोरगी हसाले लागली होती, तिच्या ताटापुढं वासराची आतडी काऊन टाकू? मीच तिले रोज म्हनत गेली, आज काई नाई, वाघ आपला तेलंगाना सोडून पार महाराष्ट्रात गेला.

तुई चिठ्ठी वाचून आज सकाळी सांगून टाकलं. ती हसली. म्हने, आत्याबाई, आता तुमीबी मोबाईलवानी कराले लागल्या. टोपलं डोक्यावर घेतलं अन् गानं म्हनत नाल्याच्या वाटेनं गेली. मी अडवलं नाई. मले वाटलं, मीच उगी भेवून राह्यली.

बाया वाट पाहून उपाशीच घरी आल्या. भाकर त्यायच्यापर्यंत गेलीच नाई. उद्धवराव मानसं अन् डबडे घेऊन नाल्यात उतरला. माये गुडघे चालत नाईत, मी ओट्यावर बसली हाय. डबडे वाजत होते, आता वाजत नाईत. गल्लीतले कुत्रे नाल्याकडं तोंड करून उभे हायेत, एकबी भुकत नाई.

उद्धवरावची बायको तुले फोन लावतो म्हने, मी नको म्हनलं. सांजच्या बशीचा कंडक्टर हारन वाजवून राह्यला. चिठ्ठी भेटली की भेटन त्या बशीनं निंग. लोभाचं मंग पाहू.

पुढचं पुसू नको. मी सांगत नाई.

माय