पेन्सिलीचे अकरा ठिपके

पुदुच्चेरी, १८ डिसेंबर

प्रिय मीरेय,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पाकिटावर नाव तुझ्या आईचं, पत्ता माझा. पूंगोदै गेल्या महिन्यात वारली, म्हणून ते मी फोडलं. वडील गेल्यावर त्यांचं कपाट आवरताना तुला तिचं एक जुनं पत्र मिळालं आणि त्यावरून हा पत्ता. तू एकच गोष्ट विचारली आहेस: 'मी चार वर्षांची असताना आईने मला सही करून का देऊन टाकलं?' उत्तर द्यायला ती नाही. मला ते ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले.

मी इथल्या कॉलेजात फ्रेंच शिकवत असे आणि संध्याकाळी घरच्या ओसरीवर लग्न ठरलेल्या मुलींचा वर्ग घेत असे. फ्रेंच नागरिक असलेलं स्थळ जमलं की मुलीला माझ्याकडे धाडत. मी त्यांच्या हातात व्याकरण देत नसे, कादंबरी देत असे. नियम एकच. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने ठिपका द्यायचा आणि पुढे जायचं. अर्थ पुढच्या पानांवर आपोआप उलगडतो. मधेच अर्थ विचारणारीला मी फाटकाबाहेर उभं करत असे. तुझ्या आईला दोनदा केलं. त्यानंतर तिने कधी विचारलं नाही. फ्रान्सला जायच्या आधी तिने चौदा कादंबऱ्या संपवल्या. "मादाम, तीनशे पानं झाली तरी या बाईचं लग्न जमत नाही," ती एकदा म्हणाली, "माझं तीन आठवड्यांत उरकलं." सगळा वर्ग हसला. मी पुढचा परिच्छेद वाचायला सांगितला.

गेलेल्या माणसाबद्दल मी वाईट लिहिणार नाही. तुझ्या वडिलांनी दुसरा संसार मांडला, हे तू जाणतेसच. घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला. वकील एकच, त्यांनी आणलेला. त्याने कागद पुढे ठेवून दुभाषी हवा का, असं विचारलं. तिने मान ताठ करून सांगितलं की आपण कादंबऱ्या वाचतो. मग चारही पानं वाचली, अडेल तिथे ठिपका दिला आणि पुढे गेली. बाप, मूल, शाळा, सुट्टी एवढे शब्द तिला येत होते. त्यांवरून तिने गोष्ट जुळवली: शाळेचे दिवस मूल आईपाशी, सुट्टीत बापाकडे. न्यायाधीशांनी विचारलं, तेव्हाही हो म्हणाली. कागदात नेमकं उलट होतं. जुलैत तिने स्वतःच्या हाताने तुझी बॅग भरून तुला पाठवलं. सप्टेंबरमध्ये न्यायला आली, तेव्हा तुझ्या वडिलांनी दारातच कागद दाखवला.

दोन वर्षं लाँड्रीत कपडे इस्त्री करत तिने वकील गाठले. प्रत्येकाने तिच्याच सहीवर बोट ठेवलं. मग तुम्ही गाव बदललं, पत्ता कुणी देईना. ती इथे परतली, सामान घेऊन सरळ माझ्या ओसरीवर आली आणि त्या कागदाची प्रत माझ्यापुढे ठेवली.

"मादाम, ठिपके दिले होते," ती म्हणाली. "पण पुढचं पानच नव्हतं."

मी उठले. आत जाऊन कॉफी करून आणली.

त्यानंतर बावीस वर्षं ती दर शनिवारी वाचायला येत राहिली. मुलगी कधीतरी येईल, मधे दुभाषी नको, एवढंच तिचं म्हणणं. आता ती एकही शब्द सोडत नसे. प्रत्येकाचा अर्थ समासात लिहीत असे. एका कादंबरीला तीन-चार वर्षं लागत. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला ती पत्र लिहायची. मी लाल शाईने चुका काढायची, ती पुन्हा उतरवून तुझ्या आजीच्या, वडिलांच्या आईच्या, पत्त्यावर धाडायची. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलात सहाव्या कादंबरीची एकोणीस पानं उरली होती. मी वाचून दाखवू का म्हटलं. शब्द स्वतः पाहिल्याशिवाय नको, म्हणाली.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तिने तुला दिलं नाही. तिला तो कागद कळला नाही. कळत नाही म्हणून सांगायची ज्या वयात सवय लागते, त्या वयात मी तिला त्यासाठी फाटकाबाहेर उभं केलं होतं. बावीस वर्षं शनिवारमागून शनिवार ती समोर बसली होती आणि हे मी तिला एकदाही बोलून दाखवलं नाही. तिच्या चुका तेवढ्या काढत राहिले. मी तिला सांगायला हवं होतं ते आता तुला लिहिते आहे. तू मला माफ करावंस अशी माझी मागणी नाही. तिच्याबद्दल मात्र तुझ्या मनात काही राहू नये.

तुझ्या आईची मास्तरीण,
फ्लावी ज्ञानू

पॅरिसला निघालेल्या सिस्टर ओदिल यांच्या हाती आज दिलेल्या वस्तू:

कादंबऱ्या चौदा, ठिपक्यांच्या.
कादंबऱ्या सहा, समासात अर्थ लिहिलेल्या. शेवटच्या कादंबरीत एकोणीस पानांचे समास कोरे.
शब्दकोश एक, पुठ्ठा निखळलेला.
तुला लिहिलेल्या पत्रांचे कच्चे खर्डे बावीस, माझ्या लाल शाईसकट.
न्यायालयाच्या कागदाची प्रत, पानं चार, ठिपके अकरा. शेवटचा ठिपका सहीच्या वरच्याच ओळीत आहे.