शकूचं पथ्य

मुलुंड, ता. ९ फेब्रुवारी १९८६

ती. आत्यास अनुपमाचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, आधी खाली बस, मग पुढे वाच. आपल्या शकूचं दुखणं अखेर सापडलं. दहा महिन्यांची झाली तरी पोर बसत नाही, हाक मारली तरी बघत नाही, म्हणून नव्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चक्क तिचा लंगोट हुंगला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या कुबट वासावरूनच त्यांना संशय आला. शूमध्ये औषधाचे थेंब टाकले तर ती हिरवीगार झाली. मग रक्त तपासलं. फिनाइलकीटोन्युरिया असं लांबलचक नाव आहे. मासे, दूध, अंडी, डाळी यांत एक घटक असतो, तो हिच्या अंगात मोडत नाही, साठत जातो आणि मेंदू नासवतो. आपण जिच्या गोऱ्या रंगाचं, पिंगट केसांचं एवढं कौतुक केलं ना, तेसुद्धा याच रोगापायी.

झालेलं नुकसान सगळं भरून येईल असं नाही, पण कडक पथ्य पाळलं तर पुढचं थांबेल, पोर पुष्कळ सुधारेल, असं डॉक्टर म्हणतात. भात वजन करून, भाज्या, फळं, साबुदाणा आणि परदेशातली एक पावडर. बोटीवर नोकरीला असलेले शिवदासभावोजी ती आणून देणार आहेत.

मी तुझी भाची आणि सूनही, हे ऐकल्यावर डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. नात्यातल्या लग्नात हा दोष दोन्हीकडून येऊन मिळू शकतो म्हणे. घराण्यात आधी असं मूल होतं का, असं त्यांनी विचारलंय. ठाऊक असेल तर कळव. माझी रजा संपत आली. तू येशील ना?

तुझी माया अशीच राहो,
अनुपमा

मालवण, ता. १८ फेब्रुवारी १९८६

चि. सौ. अनुपमास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू रडत बसू नको गो. शिमगा झाला की मी आलेच. मासेखाऊंच्या घरात पोरीला रोजची एकादशी, देवाची तरी काय मस्करी! मी आहे तोवर घरात बांगड्याचा काटा दिसायचा नाही, जयवंताला सांग, जीभ आवर. मासे, दूध, अंडी, डाळ, चारही नावं बोटांवर घोकून ठेवली आहेत.

आपल्या घराण्यात असलं काही झालेलं नाही, असं डॉक्टरांना सांग.

शकूच्या गालावरून माझा हात फिरव.
तुझी आत्या

मुलुंड, ता. २० जून १९८६

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

लावणीची घाई असेल, तरी उत्तर लगेच धाड. तू होतीस ते दोन महिने शकूच्या रक्तातला आकडा सारखा वर होता. डॉक्टर माझ्यावर असे उखडले, की पथ्य पाळायचं नसेल तर येऊच नका म्हणाले. तू गेलीस आणि आकडा निम्म्यावर आला. जयवंत शपथेवर सांगतो, आईनं मासळीचा वाससुद्धा घरात येऊ दिला नाही. मला माहीत आहे गं. मी तुला दोष देत नाही. फक्त नीट आठव, दुपारी मी कामावर असताना तिला काय भरवत होतीस?

रागावू नकोस.
अनुपमा

मालवण, ता. २९ जून १९८६

चि. सौ. अनुपमास आशीर्वाद.

मासे नाही, दूध नाही, अंडं नाही, डाळ नाही. भातावर फक्त दोन पळ्या कुळथाची पिठी. पीठ मी घरून नेलं होतं. पिठीला कधी कुणी डाळ म्हटलंय गो? आजारी माणसाला, बाळंतिणीला आपण पिठीच देतो. काल मास्तरांना विचारलं, ते म्हणाले कुळीथ कडधान्यच, आजी. उरलेलं पीठ मी गाईला घातलं.

आणि मी तुला खोटं लिहिलं. जयवंताच्या आधी मला जानकी झाली होती. लख्ख गोरी. नऊ वर्षांची झाली तरी बोलली नाही. तिच्या अंगालाही तसाच वास यायचा, मी शिकेकाईनं घासून घासून न्हाऊ घालायची. लोक म्हणाले बाहेरची बाधा आहे. किती नवस केले! तापात गेली, तेव्हा जयवंत रांगत होता. घरात तिचं नाव काढायचं नाही, असं सासऱ्यांनी बजावलं. ती एकच गोष्ट आवडीनं खायची, माझ्या हातची पिठी. दोन्ही पोरींना मीच विष घातलं. आता शकूला माझ्या हातात देऊ नको.

आत्या

मुलुंड, ता. १० जुलै १९८६

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

काय वेड्यासारखं लिहितेस! तुझं पत्र वाचून जयवंत बाथरूममध्ये जाऊन रडला. आपल्याला बहीण होती, हे त्याला आज कळलं. मी तडक डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, पिठी नसती तरी मासे होते, दूध होतं. त्या काळी या रोगाला पथ्य असतं हेच कुणाला नीट माहीत नव्हतं, आजींना दोष कसला? त्यांनी शकूच्या फायलीत पहिल्याच पानावर लिहिलं, ‘मोठी आत्या जानकी, लक्षणं हीच.’ आणि पिठीची चूक माझीही. डाळ म्हटलं, कडधान्य म्हणायचं राहिलं.

आता बातमी ऐक. शकू बसते! काल खाटेला धरून उभी राहिली आणि पावडरची बाटली फेकून दिली. वाट लागली चादरीची, पण आम्ही दोघं वेड्यासारखे हसत होतो. आणि मला पुन्हा दिवस गेलेत. चारात एकाला हा रोग होऊ शकतो, मला भीती वाटते आत्या. पण या बाळाचं रक्त पहिल्याच आठवड्यात तपासणार, दोष निघाला तरी पथ्य तेव्हापासूनच. जानेवारीत मी दवाखान्यात असताना शकूचा भात कोण मोजणार? शेजारणीवर माझा भरवसा नाही. चूक कबूल करणाऱ्या माणसावर आहे. तू ये.

तुझ्याच हक्काची,
अनुपमा

मालवण, ता. १९ जुलै १९८६

चि. सौ. अनुपमास अनेक आशीर्वाद.

येते. जानेवारी कशाला, गणपती झाले की निघते. पोहे असोत, शेंगदाणे असोत, तुला विचारल्याशिवाय तिच्या तोंडात काही जाणार नाही. तू मात्र जड उचलू नको.

माझी जानकी घरातच जन्मली, घरातच गेली. शाळेत तिला कुणी घेतलं नाही. तिचं नाव आजवर कुठल्या कागदावर आलंच नाही. डॉक्टरांनी लिहिलंय तो कागद मला दाखव. तू वाचून दाखवू नको हो. मी चौथी शिकले आहे, मी वाचीन.

तुम्हां तिघांना आणि येणाऱ्याला पोटभर आशीर्वाद,
आत्या