चपला आत नेल्या म्हणून

प्रिय बडबडे,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. मी तेवढी शाळेत कोंडली गेले आहे. हस मेले, हस. पण आधी नीट ऐक.

आपल्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे ना, तिथे शनिवारी दुपारी मोठ्यांचे वर्ग भरतात. पगार कुणाला नाही, फी कुणाला नाही. ज्याला जे येतं ते त्यानं शिकवायचं. आपली शेजारीण शिवणवाली वरच्या मजल्यावर मशीन चालवायला शिकवते, दवाखान्यातली नर्स रक्तदाब मोजायला शिकवते, आणि आम्हा म्हाताऱ्यांना लिहायला-वाचायला शिकवते ती एक बँकेतली मुलगी. तुझ्याच वयाची असेल. केस विंचरलेत की नाही हे तिचंही कळत नाही. आम्हाला पहिलीच्या पोरांच्या बाकांवर बसवतात. बसताना बसतो गं, पण उठताना बाकही आमच्याबरोबर उठतो. आमच्यात एक ड्रायव्हर आजोबा आहेत, ते म्हणतात, "ट्रकमधून उतरायला एवढा त्रास नव्हता." मी म्हटलं, ट्रकला तुमची सवय होती.

तर सांगत काय होते, इथल्या शिपायाची एक पद्धत आहे. वर्ग सुटला की तो दाराबाहेरच्या चपला बघतो. चपला नाहीत म्हणजे आत माणूस नाही, लाव कुलूप. आत डोकावायचा त्याला भारी कंटाळा. आता गेल्या खेपेला माझी एक चप्पल कुणीतरी घालून गेलं आणि मी एक माझी, एक परकी अशी फताक-फताक करत घरी आले. म्हणून आज हुशारी केली, चपला पिशवीत घालून आत नेल्या. वर्ग सुटला, सगळे गेले, मी मागे कपाटाआड बसून पिशवीतून चपला काढतेय तोच बाहेर खट्ट! हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. शिवणवालीचा वर्ग सुटायला अवकाश आहे, खाली आली की ती मला शोधेलच. तोवर खिडकीतून ऊन येतंय, मैदानात पोरं चेंडूवरून भांडतायत, फळ्यावर आजचे शब्द आहेत. आणि खरं सांगू? हसूच आलं मला. कधी नव्हे ते कुणीतरी मला चुकून कोंडलं होतं!

घरी चुकून नसतं ना. सकाळी तुझे आईबाप कामावर जातात आणि बाहेरून कुलूप घालतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते आणि एका बिऱ्हाडाचे वाळत घातलेले कपडे. आज त्यांच्याकडे पाहुणे आलेत की कुणी आजारी आहे, हे मी चादरींवरून सांगते. परवा पार्सलवाल्यानं बेल वाजवली. मी आतून ओरडले, "कुलूप आहे रे बाबा!" तो म्हणतो, "मग आत कोण आहे?" काय सांगू त्याला, सामान आहे म्हणून?

कुलूप का लागलं ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी बटणं आणायला गेले आणि परतताना गल्ली चुकले. सगळ्या बिल्डिंगी सारख्या, पाट्या वाचता येत नाहीत, शेवटी औषधांच्या दुकानात स्टुलावर बसून राहिले. तुझा बाप आला तेव्हा मला ओरडत होता आणि घरापर्यंत माझा हात सोडत नव्हता. पण बडबडे, आता मी पाट्या वाचते! बँकेतली मुलगी आम्हाला रांगेत रस्त्यावरून नेते आणि दिसेल ती पाटी वाचायला लावते. 'रस्ता बंद' वाचलं. 'दुरुस्ती' वाचलं, ते मात्र अडखळत. इतकी वर्षं राहतोय त्या आपल्या बिल्डिंगचं नाव परवा पहिल्यांदा स्वतः वाचलं, आणि दोनदा मोठ्यानं वाचलं. ड्रायव्हर आजोबा म्हणाले, "बाई, ऐकलं हो सगळ्यांनी."

शनिवारी आपल्या घराची किल्ली शिवणवालीकडे असते, म्हणून मी इथवर येते. पुढच्या महिन्यात ती लेकीच्या बाळंतपणाला चालली आहे. मग दार कोण उघडणार, असं मी तुझ्या बापाला विचारलं. म्हणाला, "तोवर सुट्टी घे ना आई. शाळा कुठे पळून जातेय?" शाळा नाही रे पळत, म्हटलं, पण माझी जोडाक्षरं पळतील त्याचं काय? तो हसला आणि जेवायला बसला. तुझ्या आईनं दोनदा समजावून पाहिलं, तिचंही ऐकत नाही. एवढा हट्टी तो लहानपणीही नव्हता.

हट्टी का झाला ते मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच आज तुला लिहायला बसले. मी औषधांच्या दुकानातून परत आले त्या संध्याकाळी त्यानं तुला फोन लावला होता, स्पीकरवर. मी पडले होते, त्याला वाटलं झोप लागली. तू रडत होतीस. "आजीला काही झालं तर मी तुमच्याशी कधी बोलणार नाही, बाबा. जाताना कुलूप लावत जा, तुम्हाला माझी शपथ आहे." तो नको म्हणत होता गं. "आईला कोंडू कसा मी?" म्हणाला. तू पुन्हा शपथ घातलीस. मला राग नाही आला. उलट बरं वाटलं, म्हातारीसाठी इतकं कोण रडतं? त्या बऱ्या वाटण्यापायी वर्षभर गप्प बसले. पण आता घुसमट होते, पोरी. तो तुला काही सांगायचा नाही, तुझी शपथ मोडायची त्याची छाती नाही. ती तुझ्याशिवाय कुणाला सोडवता येणार? हे पत्र बँकेतली मुलगी माझ्या चुका सुधारून, नीट उतरवून पेटीत टाकेल. मिळालं की बापाला फोन कर. माझं नाव काढू नकोस, जास्त बडबडही नको. एवढंच म्हण, "बाबा, शपथ सुटली."

तुझीच, वाट बघणारी,
आजी