नभनौकेवरची जाईबाई

रहाटणी,
गुरुवार, १२ नोव्हेंबर १९८१

प्रिय सयाजीराव यांस,
भीमराजचा सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. इकडे सर्व खुशाल. गिरजाचा खोकला थांबला आहे. कंपनीत नवा फोरमन आलाय, त्याला स्वतःची सावलीसुद्धा कामचुकार वाटते. नाशकात थंडी पडली असेल, छातीला जप. वहिनींना नमस्कार सांग.

तर अभिनंदन. हे मी पहिल्याच ओळीत लिहिणार होतो, पण गिरजा म्हणाली, पत्रात आधी खुशाली लिहावी.

खरं म्हणजे तुझ्या पत्राआधीच आम्हाला कळलं होतं. दिवाळी अंकात पानभर जाहिरात आहे: टीव्हीवरच्या 'नभनौका' या इंग्रजी मालिकेवर सहा कादंबऱ्या, मराठीत, स्वैर रूपांतर, लवकरच येत आहेत. तिसरीखाली तुझं नाव, चांगलं ठसठशीत. किसननं ते पान कापून दुकानातल्या आरशाला चिकटवलंय. दाढीला बसलं की आपल्या थोबाडाशेजारी तुझं नाव दिसतं. मी हल्ली घरीच दाढी करतो. नळाला पाणी नसतं, तरी करतो.

गुरुवारच्या बैठकीत दुसरा विषयच नाही. तुमच्या नाशकात सुटी रविवारची असेल, आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात अजून गुरुवारच. मालिका रविवारी सकाळी, आणि तेव्हा सगळी मंडळी मशीनवर. म्हणून मी दुसरी पाळी मागून घेतलेली. रविवारी कुसुमताईंच्या घरी टीव्ही बघायचा आणि गुरुवारी किसनच्या दुकानापुढं सगळ्यांना गोष्ट सांगायची, हे अजून चालू आहे. चालू होतं म्हणू या. आज मी सांगायला तोंड उघडलं, तर किसन म्हणाला, "भीमराजभाऊ, ते ऱ्हाऊ द्या. आदी सांगा, सयाजीरावाच्या पुस्तकात कोन कोन हाय?"

मग वाद. कुणाला पहिलं पुस्तक हवंय, कारण त्यात नौका कशी बांधली ते येणार. कुणी छातीठोकपणे सांगतो, पाचव्यात कप्तान मरतोय. जसा काही हा प्रकाशकाच्या पंक्तीला जेवून आलाय. कुसुमताई थेरगावच्या शाळेत इंग्रजी शिकवतात. त्यांनी मला रविवारीच बजावलं, पुस्तकं मुळाला धरून असतील तरच हात लावीन. तिसऱ्या पुस्तकाबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत. ते म्हणे 'आपल्या सयाजीचं'. तू इथं होतास तेव्हा हेच लोक तुला "गप ए, गोष्ट ऐकू दे" म्हणून दटावायचे.

तिसरा नंबर म्हणजे काही पहिला नव्हे, एवढंच मी म्हणालो.

इंग्रजी नावं कुणाच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून मी कप्तानाला साहेबराव केलं होतं आणि डॉक्टरला धोंडीबा. त्यांची खरी नावं तुला प्रकाशकानं दिली, ते बरं झालं. फक्त नौकेवरच्या स्वयंपाकिणीचं, आपल्या जाईबाईचं, खरं नाव कुठं सापडत नाही असं तू लिहिलंस. एवढी मोठी मालिका, एखादं नाव राहूनही जातं. बघतो, चौकशी करून कळवतो.

पुस्तकाला शुभेच्छा. मुलांना पापे.

तुझा
भीमराज


रहाटणी,
गुरुवार, २६ नोव्हेंबर १९८१

सयाजी,

जयभीम. खुशाली या खेपेला गिरजा वेगळी लिहील.

तुझं दुसरं पत्र खिशात घेऊन मी कामावर गेलो आणि दुपारी ड्रिल मोडून बसलो. फोरमनला आयतं कोलीत मिळालं. पण तुझं पत्रच तसं होतं. निम्मं पुस्तक जाईबाईवर उभं आहे. प्रकाशक म्हणतात, अशी बाई त्या गोऱ्या लेखकांना सुचली तरी कशी, कमाल आहे बुवा. नाव नाही मिळालं तर तू तिला 'जेनी' करणार. आणि शेवटी कप्तानाला वाचवताना ती मरते, ते वाचून प्रकाशकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता नीट ऐक. तिचं नाव सापडत नाही, कारण ती मालिकेत नाही. कधीच नव्हती.

तुझी आई गेली तेव्हाचं आठव. त्या रविवारी तू कंपनीच्या स्टोअरमध्ये, मी कुसुमताईंकडे. भाग निम्म्यावर आला आणि पडद्यावर 'व्यत्यय'ची पाटी लागली, ती शेवटपर्यंत हलली नाही. गुरुवारी तू बैठकीत मागं बसलेला, दाढी वाढलेली. वहिनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की तुला जेवण जात नाही. माझ्याकडे निम्मीच गोष्ट. ती संपली की तू उठून जाणार आणि घरी भिंतीकडे तोंड करून पडणार. म्हणून मी नौकेवर एक बाई घुसवली. साहेबराव कप्तान ग्रहावर उतरायला निघाला, तर ही पळी घेऊन दारात उभी. "आदी दोन घास खावा, मग बगा त्यो ग्रह. पळून चाललाय व्हय त्यो?"

तू हसलास. त्या महिन्यात पहिल्यांदा. आणि पुढं दर गुरुवारी तुझा पहिला प्रश्न, आज जाईबाई काय म्हणाली? मग मी रविवारी टीव्हीपुढं बसून साहेबरावाकडे कमी आणि जाईबाई कुठं उभी राहील इकडेच जास्त बघू लागलो.

मला वाटायचं, तुला कळलंय आणि तू मजा घेतोस. तुझी जनरल शिफ्ट, रविवार तुला इथं कधी मिळालाच नाही, नाशकात तर टीव्ही अजून पोचलाच नाही, तुझी सगळी मालिका माझ्या तोंडून ऐकलेली, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तुला ती खरी वाटली. याचा आनंद होतो आणि डोकंही फिरतं.

पहिल्या पत्रात मी मुद्दाम गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मनात म्हटलं, छापू दे. पुण्यातले शहाणे वाचतील, ही कोण बाई म्हणून विचारतील, सयाजीचं चारचौघांत हसं होईल आणि किसन आपल्या हातानं ते पान आरशावरून ओरबाडून काढील. असा विचार केला आणि मला बरं वाटलं. हेवा वाटतो मला तुझा, सयाजी. सरळच लिहितो. एकाच गेटातून आपण आत जायचो, एकाच बशीतला चहा अर्धा अर्धा प्यायचो. मी बोललो ते वाऱ्यावर गेलं, तू लिहिलंस त्याचं पुस्तक झालं. वर कौतुक कुणाचं, तर कुठल्याशा गोऱ्या लेखकाचं. त्यानं जाईबाईच्या हातची भाकर तरी खाल्ली असती का?

आज बैठकीत कुसुमताई पहिल्यांदाच आल्या. पुस्तकातल्या जाईबाईबद्दल तू किसनलाही पत्र धाडलंस, ते त्यानं त्यांना दाखवलं होतं. म्हणाल्या, "मी एकही भाग चुकवलेला नाही. अशी कुणी स्वयंपाकीण मालिकेत नाही. सयाजीरावांनी मनानं घुसवली आहे, मी प्रकाशकांना तसं कळवणार आहे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला खांदे उडवून मोकळं होता आलं असतं. तुझी पुरती फजिती झाली असती आणि माझं नाव कुठं आलं नसतं.

मी म्हणालो, "ती सयाजीची नाही. माझी आहे. मी घुसवली."

किसनचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावरच थांबला. "म्हंजे इतकी वर्सं आमाला बनवलं व्हय?" जरा वेळानं स्वतःशीच मान हलवत म्हणाला, "पर सयाजीरावानं झ्याक वापरली, न्हाई?"

बघ. कबुली मी दिली, आणि कौतुक पुन्हा तुझंच.

कुसुमताई मात्र हसल्या. म्हणाल्या, जाहिरातीत 'स्वैर' असं छापलंच आहे, तेव्हा मी काही कळवत नाही. तुझ्या पुस्तकावरचं गंडांतर टळलं. प्रकाशकांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

आता माझं. पुस्तकात माझं नाव यावं असं मला फार वाटतं. गिरजा म्हणते, मागून घ्या. मला मागवत नाही. पण नाव ऱ्हाऊ दे. त्या गोऱ्यांना श्रेय देणार असलास तर दे, दात-ओठ खाईन आणि गप्प बसेन. जेनी तेवढं करू नकोस. आणि तिला मारू नकोस.

तुला ठाऊक नव्हतं, म्हणून इतके दिवस माफ. आता ठाऊक झालं. साहेबरावाला मार, धोंडीबाला मार, सबंध नौका आगीत घाल. ती मेली की वाचणारे रडतील, पुस्तक खपेल, आणि तू दुसऱ्या कुणाला तरी घेऊन पुढचं लिहायला बसशील. माझ्याकडे दुसरी कुणी नाही. पुढच्या गुरुवारी मी 'जाईबाई म्हणाली' असं म्हटलं, की किसन म्हणणार, ती तर मेली, पुस्तकात छापून आलंय. छापलेल्यापुढं माझं तोंड कुठवर पुरणार?

शेवटचं प्रकरण पुन्हा लिही. ही विनंती आहे, धमकी वाटली तरी हरकत नाही. ती जगली, तर तुझं पुस्तक मी स्वतः किसनच्या दुकानापुढं उभा राहून मोठ्यानं वाचून दाखवीन, तुझ्या नावासकट, आणि पानापानाला जळेन.

जाईबाई जिवंत असेपर्यंत
तुझा,
भीमराज